झोपलेला लॅपटॉप सॅकमध्ये: ऑडिट सीझनच्या प्रकल्प नोंदी, ठाणे

३ एप्रिल २०२५

नौपाड्यातलं आमचं ऑफिस गृहनिर्माण संस्थांचं ऑडिट करतं. मार्च सरला की सोसायट्यांच्या फायली सुरू होतात आणि ३१ जुलैच्या आत ऑडिट उरकायचं असतं. त्यामुळे हे चार महिने आर्टिकलशिपची (सीए होण्याआधी ऑफिसात काम शिकणारी) मुलं ऑफिसात कमी आणि बाहेरच जास्त. सकाळी घोडबंदर रोडला एक सोसायटी, दुपारी ऐरोली नाहीतर कोपरखैरणे. झाकण मिटलं, लॅपटॉप सॅकमध्ये, लोकल पकडली, पुढच्या सोसायटीच्या ऑफिसात पुन्हा उघडला. मशिनं सांभाळायचं काम माझ्याकडे आहे.

आज मॅडमनी बोलावून विचारलं, "झाकण मिटून तसाच सॅकमध्ये टाकलेला चालतो की नाही? मुलं मला विचारतात आणि प्रत्येक जण वेगळंच काहीतरी ऐकून आलेला असतो. तुम्ही एकदा नीट तपासा आणि काय तो नियम लिहून द्या."

प्रश्न आत्ताच निघायला कारण आहे. विंडोज १० चा सपोर्ट यंदा १४ ऑक्टोबरला संपतोय. आमच्याकडच्या जुन्या मशिनांचे प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नाहीत, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणून गेल्या काही महिन्यांत निम्मी मशिनं बदलली. जुनी मशिनं वर्षानुवर्षं झोपवूनच, म्हणजे स्लीपमध्ये ठेवून, फिरली, कुणाची तक्रार नव्हती. नवीन आल्यापासून मात्र "सॅक पाठीला गरम लागते" हे वरचेवर कानावर येतंय.

८ एप्रिल

सगळ्या मशिनांवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी /ए' चालवलं. मशीनला झोपेचे कोणकोणते प्रकार जमतात ते ही एक ओळ सांगते. निम्मं उत्तर इथेच मिळालं.

जुन्या मशिनांवर 'स्टँडबाय (एस-३)' असं येतं. नव्या मशिनांवर 'स्टँडबाय (एस-० लो पॉवर आयडल)' येतं आणि खाली एस-३ बद्दल स्पष्ट लिहिलेलं असतं की फर्मवेअरमध्ये (मशीनच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) ही सोय नाही. बायोसमध्ये, म्हणजे त्याच फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये, शिरून पाहिलं, तिथेही निवडायला काही दिलेलं नाही.

एस-३ म्हणजे रॅम सोडून जवळपास सगळ्याचा वीजपुरवठा बंद. प्रोसेसर बंद, पंखा बंद, डिस्क बंद. उघडलेल्या फायली रॅममध्ये राहतात आणि रॅमला त्या धरून ठेवण्यापुरतीच वीज मिळते. आत काही चालतच नाही, मग तापणार काय?

एस-० चं तसं नाही. प्रोसेसर बंद होत नाही, खोल सुस्तीत जातो. स्क्रीन विझते, पण विंडोज अधूनमधून जागं होऊन मेल बघतं, नेटवर्क धरून ठेवतं, अपडेटची चौकशी करतं. फोन खिशात असताना असतो तसं मशीन ठेवायचं, ही त्यामागची कल्पना. विंडोज ८ मध्ये ती 'कनेक्टेड स्टँडबाय' नावाने आली, विंडोज १० पासून तिला 'मॉडर्न स्टँडबाय' म्हणतात. सगळं सुरळीत असेल तर ही झोपही गार असते. एखादा ड्रायव्हर (आतला एखादा भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) अडून बसला तर प्रोसेसर खोल सुस्तीत जातच नाही, आणि हे बाहेरून कळायला काही मार्ग नाही. स्क्रीन काळी, झाकण बंद.

दोन्ही मशिनांवर मेनूत शब्द एकच, 'स्लीप'. मुलांना वेगवेगळी उत्तरं मिळत होती ती यामुळेच. ज्याने जुन्या मशीनच्या अनुभवावरून "बिनधास्त टाक" सांगितलं तोही खरं बोलत होता, आणि ज्याने "अजिबात नको" सांगितलं तोही.

१५ एप्रिल

सॅकमधला प्रयोग. एक जुनं आणि एक नवीन मशीन, दोन्ही पूर्ण चार्ज केलेली, दोन्हींवर त्याच एक्सेल शीट आणि ब्राउझर उघडा. चार्जर काढून झाकणं मिटली. स्लीव्हमध्ये घालून एकेका सॅकमध्ये ठेवली, प्रत्येकीत वायरवाला डिजिटल थर्मामीटर, प्रोब मशीनच्या पाठीला चिकटवलेला. एक सॅक माझ्याकडे, दुसरी आर्टिकलमधल्या एकाकडे. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने तुर्भे, तिथलं काम, आणि परत.

जुनं मशीन जाताना-येताना आजूबाजूच्या हवेइतकंच राहिलं. बॅटरी जेमतेम उतरली.

नवीन मशीन दिघा गावापर्यंत गार होतं. घणसोलीच्या आसपास मुलगा म्हणाला, "दादा, हात लावून बघ." सॅकच्या पाठीकडच्या कापडातूनच ऊब लागत होती. थर्मामीटरवर ४७ अंश. चेन उघडली तेव्हा पंख्याचा बारीक घरघराट ऐकू आला. स्लीव्ह निओप्रीनचा, म्हणजे धक्का शोषतो तसा उष्णताही आत कोंडतो. गरम हवा जिथून बाहेर पडते ती बिजागरीजवळची जाळी स्लीव्हच्या तळाशी दाबून बसलेली. पंखा तीच गरम हवा पुन्हा आत ओढत होता.

मशीन उघडलं तर काम जसंच्या तसं होतं. कुणी थर्मामीटर लावला नसता तर "छान झोपलं होतं" असंच म्हणाला असता.

१६ एप्रिल

कालच्या नवीन मशीनवर 'पॉवरसीएफजी /स्लीपस्टडी' चालवलं. एचटीएमएल अहवाल तयार होतो, ब्राउझरमध्ये उघडतो. गेल्या तीन दिवसांतलं प्रत्येक झोपेचं सत्र त्यात रंगीत पट्टीने दिसतं. ज्या मशीनला एस-० आहे त्याच्या मालकाने हा अहवाल एकदा तरी बघावाच, असं माझं मत आहे. अंदाज बांधत बसायची गरज उरत नाही.

प्रत्येक सत्रापुढे ते मशीन किती टक्के वेळ खरोखर खोल सुस्तीत होतं, याचे सॉफ्टवेअर आणि हार्डवेअरचे वेगवेगळे आकडे असतात. चांगल्या सत्रात हे आकडे नव्वदीच्या पुढे. तुर्भ्याच्या सत्रात हार्डवेअरचा आकडा एक आकडीच. खाली कुणी जागं ठेवलं त्यांची यादी असते, तीत पहिला वाय-फायचा अॅडॅप्टर, त्याखाली अपडेटची सेवा.

वाय-फायचा ड्रायव्हर उत्पादकाच्या साइटवरून नवा घातला. उद्या परत फेरी.

२१ एप्रिल

ड्रायव्हर बदलल्यावर फरक पडला. एक फेरी गार, दुसरीही गार. तिसऱ्या फेरीत परत कोमट, आणि या वेळी यादीत दुसरंच नाव. तात्पर्य, ड्रायव्हर अद्ययावत ठेवायचाच, पण नियम त्याच्या भरवशावर उभा करता येणार नाही. पुढच्या अपडेटनंतर काय होईल ते कुणाच्याच हातात नाही.

अजून एक गोष्ट दिसली. मशीन चार्जरवर असताना पार्श्वभूमीच्या कामांना विंडोज जास्त मोकळीक देतं. झाकण आधी मिटलं आणि चार्जर मागाहून ओढला, तर मधल्या वेळात सुरू झालेलं काम सॅकमध्येही चालू राहू शकतं. आधी चार्जर काढायचा, मग झाकण. हे फुकटचं आहे, आजपासूनच सगळ्यांना सांगितलं.

२३ एप्रिल

आमचे सीनिअर अकाउंटंट काका. त्यांची भीती वेगळी आहे. "बॅटरीचा स्फोट-बिट झाला तर? डब्यात केवढी माणसं असतात."

काकांना सविस्तर सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की स्वतःचा वेग कमी करतो, तरीही तापत राहिला तर मशीन आपण होऊन बंद पडतं. बॅटरीच्या आतही देखरेखीचं सर्किट असतं, ते मर्यादेबाहेर गेल्यावर बॅटरी तोडतं. धडधाकट बॅटरीचं मशीन सॅकमध्ये तापलं म्हणून पेट घेईल, हे सहसा घडत नाही. खरं नुकसान हळूहळू होतं. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता सोसत नाही, भरलेली बॅटरी रोज तासतासभर पंचेचाळीस-पन्नास अंशांत राहिली तर तिची क्षमता लवकर घटते. दोन वर्षं पुरायची ती एका वर्षात दम सोडते. शिवाय पुढच्या सोसायटीत पोचेपर्यंत चार्ज उतरलेला, आणि सोसायटीच्या ऑफिसातला एकुलता एक प्लग सीसीटीव्हीला लावलेला.

फुगलेल्या बॅटरीची गोष्ट वेगळी. टचपॅड वर उचललेलं दिसलं, क्लिक जड झालं, किंवा मशीन टेबलावर सपाट बसेनासं झालं, तर ते मशीन झोपलेलं, जागं, बंद, कसंही सॅकमध्ये न्यायचं नाही. चार्जिंगही थांबवायचं आणि मला आणून द्यायचं. यावर काकांचं आणि माझं एका वाक्यात एकमत झालं.

काका स्वतः कायम शटडाऊन करतात. सॅकपुरतं ते उत्तमच आहे.

२५ एप्रिल

हार्ड डिस्कवालं एक जुनं मशीन अजून वापरात आहे, अडीच इंची, मिनिटाला ५४०० फेऱ्यांची डिस्क. झोपलेला लॅपटॉप हलवू नये हा जुना सल्ला अशा मशिनांच्या काळातला आहे आणि त्यात तथ्य आहे. डिस्क फिरत असताना हेड, म्हणजे वाचणारं-लिहिणारं टोक, तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. तेव्हा बसलेला धक्का तबकडीला ओरखडा पाडू शकतो. आयबीएमने २००३ मध्ये थिंकपॅडमध्ये पडण्याची चाहूल घेऊन हेड बाजूला करणारी सोय आणली आणि अॅपलने २००५ मध्ये, ती याच धास्तीपोटी. डिस्क थांबली की हेड बाजूच्या रॅम्पवर जाऊन बसतं. मग डिस्क दुपटीहून जास्त धक्का सोसते. अशा डिस्कच्या माहितीपत्रकात चालू स्थितीत साधारण ३०० ते ४०० जी आणि थांबलेल्या स्थितीत ९०० ते १००० जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट) असे आकडे असतात.

म्हणजे एस-३ मध्ये पूर्ण झोपलेलं हार्ड डिस्कचं मशीनही नेता येतं. धोका झोपेत नाही, झाकण मिटल्यानंतरच्या काही सेकंदांत आहे. मुलं झाकण मिटतात आणि त्याच हाताने मशीन सॅकमध्ये सरकवतात. आज मुलांना प्रत्यक्ष करून दाखवलं: झाकण मिटायचं, तळहात डाव्या बाजूला ठेवायचा, बारीक कंप जाणवतो. तो विरत जातो आणि शेवटी एक हलकी टक. ती टक म्हणजे हेड जागेवर बसलं. त्यानंतर उचलायचं.

एसएसडीला फिरणारा भागच नाही. तिथे हा प्रश्न उद्भवत नाही.

२ मे

निर्णय: नव्या मशिनांवर झाकण मिटलं की हायबरनेट.

हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवर लिहिलं जातं आणि मग मशीन बंद होतं. उघडल्यावर त्याच शीट, त्याच खिडक्या परत येतात. शटडाऊनइतकं गार, स्लीपइतकं सोयीचं. बऱ्याच मशिनांवर मेनूत हे नाव दिसत नाही. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते सुरू करावं लागतं. तिथेही दिसलं नाही तर अॅडमिन म्हणून 'पॉवरसीएफजी /हायबरनेट ऑन'. मग झाकण मिटल्यावर काय करायचं त्यापुढे हायबरनेट, बॅटरीच्या रकान्यात आणि चार्जरच्याही. चार्जरचा रकाना स्लीपवर सोडला तर मुलं चार्जरवर झाकण मिटतील, मग वायर काढतील आणि निघतील. परत तीच सॅक गरम.

मुलांची कुरकूर झाली. एकाने विचारलं, "चहाला गेलो तरी दरवेळी हायबरनेट?" त्याला सांगितलं, चहाला जाताना झाकण मिटूच नकोस, विंडोज आणि एल दाबून लॉक कर. झाकण मिटणं म्हणजे निघणं.

दुसऱ्याचा प्रश्न जास्त चांगला होता. "रोज एवढं लिहून एसएसडी झिजणार नाही का?" हिशेब त्याच्यासमोरच केला. दरवेळी तीन जीबी धरू, दिवसाला सहा वेळा, म्हणजे १८ जीबी. २५६ जीबीच्या बहुतेक एसएसडीची लेखनक्षमता शंभर टीबीच्या पुढे सांगितलेली असते. शंभरच धरली तरी साडेपाच हजार दिवस, पंधरा वर्षं. तोवर बिजागरीही राहणार नाही. हायबरनेटच्या फायलीसाठी रॅमच्या साधारण चाळीस टक्के जागा डिस्कवर अडते, तेवढी मात्र मोकळी ठेवावी लागते.

लिहायला काही सेकंद लागतात. पॉवरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं. चार्जिंगचा दिवा वेगळा, तो बघून फसायचं नाही.

६ मे

जुन्या एस-३ मशीनपैकी एक सॅकमध्ये जागं झालेलं सापडलं. म्हणजे एस-३ लाही डोळे झाकून पास करता येत नाही. 'पॉवरसीएफजी /लास्टवेक' म्हणालं, यूएसबी. वायरलेस माऊसचा डाँगल (यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर) मशीनला तसाच लावलेला आणि माऊस त्याच सॅकच्या पुढच्या कप्प्यात, चालू. लोकल हलते तसा माऊस हलतो, मशीन उठतं.

'पॉवरसीएफजी /डिव्हाइसक्वेरी वेक_आर्म्ड' लिहिलं की मशीनला उठवायची मुभा कुणाकुणाला आहे ते कळतं. डिव्हाइस मॅनेजरमधून माऊसची मुभा काढली. ठरल्या वेळी मशीन उठवणारे 'वेक टायमर्स'ही बॅटरीवर बंद केले. डाँगल काढूनच ठेवायचा हे वेगळं सांगायला लागलं, कारण ठाणे स्टेशनच्या गर्दीत तो वाकला तर यूएसबीचं तोंडही जातं.

मॅडमचं मॅकबुकही आज पाहिलं. मॅकचे लॅपटॉप झोपताना रॅमची प्रत आधीच डिस्कवर ठेवतात, सेटिंगमध्ये 'हायबरनेटमोड ३' दिसतं. लॉग तपासला, सॅकमधली सत्रं शांत आहेत. तसंच राहू दिलं.

१३ मे

काल संध्याकाळी आमच्यातल्या एकाची सॅक लोकलमध्ये रॅकवर राहिली, नशिबाने मिळाली. आत सोसायटीच्या दोनशेच्या वर सभासदांची नावं, मोबाइल, बँकेचे तपशील, पॅन. या बाजूचा विचार राहिलाच होता, तो आज केला.

झोपलेल्या मशीनमध्ये रॅम जिवंत असते, आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली (किल्लीशिवाय वाचता न येणारी) असली तर ती उघडायची किल्लीही त्या वेळी रॅममध्येच असते. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं होतं की वीज गेल्यावरही रॅममधला मजकूर थोडा वेळ टिकतो आणि त्यातून किल्ली काढता येते. लोकलमधला चोर एवढं करणार नाही, पण सभासदांनी माहिती आमच्या भरवशावर दिली आहे आणि त्या भरवशाची काळजी घेणं आमचं काम आहे. हायबरनेटमध्ये रॅमचं चित्र एन्क्रिप्ट झालेल्या डिस्कवरच जातं आणि रॅम रिकामी होते. बिटलॉकरला (विंडोजची डिस्क एन्क्रिप्ट करायची सोय) सुरू होताना पिन लावला तर मशीन उघडायलाच पिन लागतो. पिन नसेल तर सुरू होताना किल्ली आपोआप मिळते, म्हणून पिन लावला. विंडोजच्या होम आवृत्तीवर बिटलॉकरची ही सगळी सोय मिळत नाही, ती मशिनं प्रोवर नेतोय.

मॅडम म्हणाल्या, "उष्णतेसाठी नसतं केलं तरी एवढ्यासाठी करायला हवंच होतं."

१९ मे

आर्टिकलमधली एक मुलगी विमानाने नागपूरला चालली आहे, लॅपटॉप नेणार. केबिनच्या बॅगेत झोपलेला चालतो. चेक-इन बॅगेत द्यायचा तर पूर्ण शटडाऊन, स्लीप नाही आणि हायबरनेटही नाही, हा आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीचा नियम आहे. तिला म्हटलं, चेक-इनला देऊच नकोस, जवळ ठेव.

२६ मे

मान्सून आज मुंबईत दाखल झाला. हवामान खात्याच्या १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर कधीच आला नव्हता. नियमाचा पावसाळी भाग जूनमध्ये करू म्हटलं होतं, तो आजच घ्यावा लागला. माजिवड्याहून आलेली एक सॅक आतपर्यंत ओली.

झोपलेल्या मशीनच्या बोर्डवर वीज खेळत असते, अशा वेळी पाणी गेलं तर शॉर्ट होण्याची शक्यता जास्त. हायबरनेटमध्ये फार थोड्या भागाला वीज असते, धोका कमी, पण शून्य नाही, कारण बॅटरी जोडलेलीच असते. म्हणून मुलांना जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या दिल्या. एस-० मध्ये झोपलेलं मशीन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळणं म्हणजे उष्णतेची उरलीसुरली वाटही बंद करणं, तेव्हा प्लॅस्टिक फक्त दिवा विझल्यावर.

एसीत गार झालेलं मशीन बाहेरच्या दमट हवेत लगेच उघडलं तर धातूवर दव धरतं. सोसायटीत पोचल्यावर मशीन दहा-पंधरा मिनिटं सॅकमध्येच राहू द्यायचं, तेवढ्यात व्हाउचरची फाइल चाळून होते.

३ जून

टॅलीचा मुद्दा. या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक संस्थेच्या हिशेबाला 'कंपनी' म्हणतात. ऑफिसच्या सर्व्हरवरच्या फोल्डरमधली कंपनी उघडी ठेवून झाकण मिटलं, तर मशीन झोपतं आणि नेटवर्क मध्येच तुटतं. डेटा बिघडायचा धोका असतो. स्लीप असो वा हायबरनेट, यात फरक नाही. झाकणाआधी कंपनी शट करायची. एक्सेलही सेव्ह करूनच, कारण हायबरनेट झालेलं मशीन परत उठलं नाही तर सेव्ह न केलेलं गेलं.

१० जून

नियम एका पानावर लिहून मॅडमना दिला, त्यांनी सही करून बोर्डावर लावला. मजकूर असा:

"टॅलीची कंपनी शट, फायली सेव्ह. माऊस बंद, डाँगल आणि पेन ड्राइव्ह काढलेले. आधी चार्जर, मग झाकण. हिरवा स्टिकर असलेली मशिनं (एस-३) झोपवून नेली तरी चालतील, हार्ड डिस्कवाल्यात टक ऐकून. निळा स्टिकर असलेली (एस-०) हायबरनेटच, सेटिंग कुणी बदलायचं नाही. सभासदांची माहिती ज्यात आहे ते कुठल्याही स्टिकरचं मशीन हायबरनेटच. हायबरनेट केलेलं मशीन पॉवरचा दिवा विझल्याशिवाय स्लीव्हमध्ये घालायचं नाही. सॅकला ऊब लागली तर पुढच्या स्टेशनवर उतरून उघडायची आणि पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करायचं. टचपॅड फुगलेलं दिसलं तर मशीन ऑफिसातच ठेवायचं."

शेवटच्या ओळीखाली काकांनी पेनाने "आणि लगेच कळवायचं" असं जोडलं. ते तसंच ठेवलं.

१७ जून

नव्या दोन मशिनांची डिलिव्हरी आली. खोक्यातून काढून आधी 'पॉवरसीएफजी /ए'. दोन्ही एस-०. झाकणाचं सेटिंग, बिटलॉकरचा पिन, वेक टायमर्स, वाय-फायचा ड्रायव्हर, एवढं करून निळे स्टिकर लावले. उद्या त्यातलं एक कासारवडवलीला जातंय. आठवड्याभराने त्याचा स्लीपस्टडी काढायचा. हार्ड डिस्कवालं मशीन ऑक्टोबरच्या आत बदलायचं, कोटेशन मागवलं आहे.